बातमीदाराचे मोल



बाजार समितीच्या आवारात हमाल-मापाड्यांच्या संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने या व्यासपीठावर उभे राहून लढायांच्या मुलखातून पळवून नेलेल्या बातमीदारांविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शालेय शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर, आणि त्यातलेही बरेचसे जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांतून झाले. ज्यांनी मला जग शिकवले ती माणसे मी कधी पाहिली नाहीत. ती कुणाच्या गाडीत बसली, कुठे उपाशी निजली, कुणाच्या बंदुकीसमोर उभी राहिली, याची चौकशी मी कधी केली नाही. वाचून झाले की वर्तमानपत्र भेळेच्या पुडीला जाते, आणि बातमी आणणारा माणूस तर त्याच्याही आधी विसरला जातो. आजचे व्याख्यान ही त्या ऋणाची थोडीशी फेड समजावी.

दुसरे कारण माझ्या रोजच्या कामातले आहे. बातमी आणणे हे काम आहे. ते करणारा कामगार आहे. आणि कामावर असताना त्याला कुणी उचलून नेले, तर तो जसा परराष्ट्र-धोरणाचा प्रश्न आहे तसाच तो कामगारांचाही प्रश्न आहे. म्हणून मी आपल्यापुढे दोनच प्रश्न ठेवणार आहे. बातमीदाराला पळवून नेतात ते कशासाठी? आणि पळवून नेलेल्यांपैकी सुटून येतो तो कोण? पहिला प्रश्न इतिहासाचा आहे, दुसरा हिशेबाचा. पण पुढे ते एकाच जागी येऊन मिळतात, असे मला वाटते.

आरंभ आपल्याच भाषेतल्या एका शब्दापासून करू. 'जासूद' म्हटले की आज आपल्यापुढे हेर उभा राहतो. परंतु पेशवाईच्या दप्तरांत हाच शब्द पत्रे आणि निरोप पोचवणाऱ्या माणसासाठी सर्रास आलेला आहे. असे जासूद पुष्कळदा जोडीने धाडीत. 'जासूदजोडी' हा शब्द जुन्या पत्रांत वारंवार भेटतो. वाट धोक्याची असली तर एकाला काही झाले तरी दुसरा पोचावा, ही त्यातली सोय उघड आहे. दरबारोदरबारी बसलेले वकील तिकडच्या घडामोडींचे 'अखबार' लिहून पाठवीत, आणि ते घेऊन ही माणसे पायी दौडत. निरोप आणणारा आणि गुपित काढणारा, या दोघांना आपल्या भाषेने एकच शब्द वापरला, तो काही अज्ञानाने नव्हे. ज्याच्या छावणीतून बातमी बाहेर जाते त्याला ती नेणारा प्रत्येक माणूस हेरच वाटतो. आज जगात कुठेही बातमीदार पकडला गेला की त्याच्यावर पहिला आरोप ठेवला जातो तो हेरगिरीचा. इतक्या काळात त्या आरोपात काही बदल झालेला नाही.

युद्धभूमीवर जाऊन वर्तमानपत्राला बातमी धाडणे हा स्वतंत्र पेशा म्हणून जगाला ठाऊक झाला तो १८५४ सालच्या क्रिमियाच्या लढाईत. लंडनच्या 'टाइम्स'चा विल्यम हॉवर्ड रसेल तिथे होता. पुढे १८५८ साली तो हिंदुस्थानातही येऊन गेला. या पेशातल्या कैदेची सर्वांत गाजलेली जुनी कथा मात्र १८९९ सालची आहे. दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांचे युद्ध पेटले होते. 'मॉर्निंग पोस्ट' या पत्राने पंचविशीतल्या एका तरुणाला बातमीदार म्हणून पाठवले. पगार महिन्याला २५० पौंड, खर्च वेगळा. १५ नोव्हेंबर १८९९ रोजी नाताळ प्रांतात एका चिलखती आगगाडीवर बोअरांनी हल्ला केला, तीत हा तरुण पकडला गेला. त्याचे नाव विन्स्टन चर्चिल. मी केवळ बातमीदार आहे, मला सोडा, असा अर्ज त्याने केला. पण हल्ल्याच्या वेळी अडकलेले इंजिन मोकळे करायला त्याने शिपायांना मदत केली होती, आणि ते बोअरांच्या ध्यानात होते. त्यांनी त्याला प्रिटोरियातल्या एका शाळेत इतर कैद्यांबरोबर ठेवले. १२ डिसेंबरच्या रात्री तो भिंत ओलांडून निसटला, एका कोळशाच्या खाणीत लपला आणि मालगाडीत लोकरीच्या गठ्ठ्यांआड दडून पोर्तुगीजांच्या मुलखात पोचला. त्याला पकडून देणाऱ्यास बोअरांनी २५ पौंडांचे बक्षीस लावले होते. म्हणजे त्याच्या महिन्याच्या पगाराच्या दहावा हिस्सा! हिशेब करण्याची मला सवय लागली आहे, म्हणून हे सांगितले.

त्याच युद्धात गांधीजींनी हिंदी लोकांचे एक शुश्रूषापथक उभे केले होते. त्यात सुमारे ११०० माणसे होती आणि त्यांतली बहुसंख्य गिरमिटिया मजूर होती. तोफांच्या माऱ्यात जखमींना डोलीत घालून मैलोगणती नेण्याचे काम त्यांनी केले. चर्चिलच्या पलायनाचा एकूण एक तपशील छापून आला. त्या मजुरांपैकी किती जणांची नावे आज आपल्याला सांगता येतील? ही जोड मी मुद्दाम लक्षात आणून देतो, कारण पुढच्या सबंध इतिहासात ती आपली पाठ सोडत नाही.

त्या काळी पकडलेला बातमीदार सहसा जिवंत राहत असे. पकडणाऱ्यांना त्याची दया येत असे, असे मात्र नव्हे. त्यांना त्याची गरज असे. बोअरांना युरोपची सहानुभूती हवी होती, आणि ती वर्तमानपत्रांखेरीज मिळणारी नव्हती. लढणाऱ्या दोन्ही बाजूंना आपले म्हणणे जगाला ऐकवायचे होते, आणि ऐकवणारा हा एकच माणूस होता. बातमीदाराच्या जिवाची खरी ढाल ती होती. कायदा पुढे आला. १९४९ सालच्या तिसऱ्या जिनीव्हा कराराने सैन्यासोबत अधिकृतपणे हिंडणाऱ्या बातमीदाराला, तो पकडला गेल्यास, युद्धकैद्याचा दर्जा दिला. १९७७ च्या पुरवणी करारातील ७९ व्या कलमाने धोक्याच्या मुलखात काम करणाऱ्या पत्रकाराला नागरिक मानावे असे ठरवले. भारताने तो पुरवणी करार स्वीकारलेला नाही, हेही सांगून ठेवतो. परंतु करारावर सही करतात ती सरकारे, आणि बातमीदाराला पळवून नेणारी माणसे बहुधा कुठल्याच सरकारची नसतात.

गरज नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. वाशिमहून दक्षिणेला निघून पैनगंगा ओलांडली की हिंगोलीचा मुलूख लागतो. १९४८ पर्यंत ते निजामाचे राज्य होते. त्या राज्याच्या राजधानीत शोएबउल्ला खान हा तरुण संपादक 'इमरोज' नावाचे उर्दू दैनिक चालवीत होता. हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले पाहिजे असे तो उघड लिही, आणि रझाकारांच्या अत्याचारांवर टीका करी. तो स्वतः मुसलमान असल्यामुळे त्याचे लिहिणे त्यांना अधिकच झोंबे. धमक्या आल्या, तरी तो थांबला नाही. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतून घरी जात असताना त्याला गाठून ठार करण्यात आले, आणि ज्या हाताने तो लिही तो हात तोडण्यात आला. त्यानंतर महिन्याभरात संस्थान भारतात आले. ते पाहायला तो उरला नव्हता. त्याला पळवून नेऊन काही मागावे, असा विचारही मारेकऱ्यांनी केला नाही. मागणार कुणाकडे? त्याच्या मागे ना मोठे सरकार होते, ना धनाढ्य मालक. पळवून नेण्यासाठीसुद्धा माणसाला बाजारात किंमत असावी लागते. ही गोष्ट कठोर आहे, पण खरी आहे.

ही किंमत उघड झाली ती लेबनॉनच्या यादवी युद्धात. 'असोसिएटेड प्रेस' या अमेरिकन वृत्तसंस्थेचा तिथला प्रमुख टेरी अँडरसन याला १६ मार्च १९८५ रोजी बैरुतच्या रस्त्यावरून उचलले, आणि तो सुटला ४ डिसेंबर १९९१ रोजी. मोजून २,४५४ दिवस! त्याला धरणाऱ्यांचे त्याच्या बातम्यांशी काही भांडण नव्हते. कुवेतच्या तुरुंगातली आपली माणसे सोडवण्यासाठी त्यांना वजनदार देशाचा माणूस हवा होता. या साडेसहा वर्षांहून अधिक काळात त्याची बहीण पेगी से हिने सरकारच्या आणि वृत्तपत्रांच्या दारात धरणे धरल्यासारखे काम केले आणि भावाचे नाव विसरू दिले नाही. मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो. संघटना नसेल तिथे एखादी बहीणच संघटना होते.

आता ज्या प्रकरणाचा धागा आपल्या मुंबईत आहे, त्याकडे येतो. अमेरिकेच्या 'वॉल स्ट्रीट जर्नल' या पत्राचा दक्षिण आशियाचा प्रमुख बातमीदार डॅनियल पर्ल हा मुंबईत राहत असे. त्या विभागाची कचेरीच मुंबईत होती. अफगाणिस्तानात युद्ध सुरू झाल्यावर तो पत्नीसह पाकिस्तानात गेला. बुटात स्फोटके दडवून विमानात बसलेल्या एका माणसाचे धागेदोरे तो शोधीत होता. एका पीराची मुलाखत मिळवून देतो, असे सांगून त्याला बोलावण्यात आले, आणि २३ जानेवारी २००२ रोजी कराचीतल्या एका उपाहारगृहापाशी तो नाहीसा झाला. थोड्याच दिवसांत जगभरच्या वृत्तपत्रांना संगणकाच्या टपालाने निरोप आले. सोबत त्याची छायाचित्रे, डोक्याला पिस्तूल लावलेली. एका निरोपात तो अमेरिकेचा हेर होता, दुसऱ्यात इस्राएलचा. मागण्या होत्या त्या कैद्यांच्या सुटकेच्या आणि लढाऊ विमानांच्या. एका बातमीदाराच्या बदल्यात कोणतेही सरकार त्या पुऱ्या करणार नाही, हे मागणाऱ्यांनाही ठाऊक असले पाहिजे. फेब्रुवारीत त्याच्या वधाची चित्रफीत बाहेर आली. मे महिन्यात कराचीबाहेर त्याचे प्रेत सापडले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्याच्या पत्नीने मुलाला जन्म दिला.

या प्रकरणात उमर शेख याला २००२ साली फाशीची शिक्षा झाली. २०२० साली सिंधच्या उच्च न्यायालयाने खुनाचा दोष रद्द केला, आणि २०२१ साली पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला. हा उमर शेख आधी आपल्याच तुरुंगात होता. १९९४ साली त्याने भारतात परदेशी प्रवाशांना पळवले होते. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले आपले विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले, तेव्हा प्रवाशांच्या बदल्यात जे तिघे सोडावे लागले त्यांतला तो एक. सरकारने तेव्हा चूक केली असे सांगण्यासाठी मी हे बोलत नाही. विमानात माझी मुलगी असती, तर मी दिल्लीला जाऊन तिघांच्या जागी तीस सोडा म्हणालो असतो. मी एवढेच म्हणतो की, या बाजारात चुकवलेली किंमत तिथेच संपत नाही.

पर्लच्या मागे जगातले एक बलाढ्य सरकार आणि एक धनाढ्य पत्र उभे होते. तरी तो वाचला नाही. त्याच्या मरणातून इतिहासाने घेतलेले वळण दिसते. ज्यांनी त्याला नेले त्यांना आपले म्हणणे जगापुढे मांडण्यासाठी बातमीदाराची गरज राहिली नव्हती. कॅमेरा त्यांच्यापाशी होता, संगणक त्यांच्यापाशी होता. पूर्वी बातमीदार त्यांचा निरोप घेऊन जाई. आता बातमीदाराचा देह हाच निरोप झाला. चर्चिलच्या काळातली ढाल अशी गळून पडली.

येथवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. आता दुसरा: सुटतो कोण?

मार्च २००७. अफगाणिस्तानच्या हेल्मंड प्रांतात तालिबानने एक मोटार अडवली. आत तिघे होते. इटलीच्या 'ला रेपुब्लिका' पत्राचा बातमीदार दानिएले मास्त्रोजाकोमो. त्याचा अफगाण दुभाषी आणि स्वतःही पत्रकार असलेला अजमल नक्शबंदी. आणि ड्रायव्हर सय्यद आगा. तिघांनाही हेर ठरवले गेले. सय्यद आगाचा शिरच्छेद झाला. इटलीच्या सरकारने धावपळ केली, काबूलच्या सरकारने तालिबानचे पाच कैदी सोडले, आणि १९ मार्चला मास्त्रोजाकोमो सुटला. अजमल मात्र मागेच राहिला. त्याच्यासाठी आणखी कैदी सोडायला सरकार तयार झाले नाही, आणि ८ एप्रिलला त्याला ठार करण्यात आले. मास्त्रोजाकोमोला मी बोल लावीत नाही. तोही मरणाच्या दारातूनच परतला. पण मोटार एक, रस्ता एक, आरोप एक. आणि किमती मात्र तीन निघाल्या. परदेशी बातमीदाराची किंमत पाच कैदी. दुभाष्याची वाटाघाट अर्ध्यावर सोडून दिलेली. ड्रायव्हरची तर बोलणीसुद्धा झाली नाही.

मी आयुष्यभर मजुरीचे दर ठरवीत आलो आहे. कायम, बदली आणि रोजंदारी या तीन पायऱ्या मला नीट ओळखता येतात. त्या मोटारीत बसलेली माणसे याच तीन पायऱ्यांवर बसली होती.

या पायऱ्या पुढे अधिकच वाढल्या. परदेशांतल्या कचेऱ्या वृत्तपत्रांना परवडेनाशा झाल्या, तेव्हा धोक्याच्या मुलखात पगारी माणूस धाडण्याऐवजी तिथे आपल्या हिमतीवर गेलेल्या मुक्त बातमीदाराकडून छायाचित्र किंवा मजकूर नगावर विकत घेणे त्यांना स्वस्त पडू लागले. जेम्स फोली हा असाच अमेरिकन मुक्त बातमीदार. नोव्हेंबर २०१२ मध्ये उत्तर सीरियातून त्याला पळवून नेले, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये त्याच्या वधाची चित्रफीत जगाला दाखवण्यात आली. त्याच्याबरोबर कैदेत असलेले कित्येक युरोपीय त्या आधी वाटाघाटींनी सुटले होते. यानंतर पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या 'एएफपी' वृत्तसंस्थेने जाहीर केले की, जिथे आम्ही आपली माणसे पाठवणार नाही, तिथे आपल्या जबाबदारीवर गेलेल्या मुक्त बातमीदाराचा माल आम्ही घेणार नाही. मालकाने स्वतःहून असा नियम करावा, हे मला फार मोलाचे वाटते. विहिरीत उतरायला आपला माणूस तयार नसेल, तर नाक्यावरचा मजूर जादा पैसे देऊन उतरवायचा नाही, असे म्हणणारा कंत्राटदार आपल्याला कितीसा भेटतो? २०१५ साली काही वृत्तसंस्थांनी आणि पत्रकारांच्या संघटनांनी मिळून सुरक्षेची तत्त्वे मांडली. पगारी माणसाची जितकी काळजी, तितकीच स्थानिक आणि मुक्त बातमीदाराची वाहिली पाहिजे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तत्त्वे चांगली आहेत. ती मोडली तर कुणी जाब विचारायचा, एवढेच शिल्लक आहे.

आपण म्हणाल, हे सगळे काबूल-कराचीचे झाले. तर मी आपल्याला आपल्या विदर्भाच्या सीमेवर नेतो. गडचिरोलीला लागून बस्तरचे रान आहे. ३ एप्रिल २०२१ रोजी तिथे माओवाद्यांशी झालेल्या चकमकीत सुरक्षादलांचे २२ जवान ठार झाले आणि राकेश्वरसिंह मनहास या जवानाला त्यांनी पकडून नेले. पाच दिवसांनी तो सुखरूप परतला. त्याला आणायला जे मध्यस्थ रानात गेले त्यांत विनोबांचे शिष्य, नव्वदी ओलांडलेले धर्मपाल सैनी होते; आणि सोबत बिजापूर भागातले काही पत्रकार होते. त्यांतला एक मुकेश चंद्राकार. तो कुणाचा पगारी नोकर नव्हता. दूरचित्रवाणीसाठी कामापुरते वृत्तांकन करी, आणि 'बस्तर जंक्शन' नावाची आपली वाहिनी यूट्यूबवर चालवी.

या मुलखात दोन्हीकडे बंदुका होत्या आणि दोघांनाही मुकेशसारख्या माणसाची गरज होती. म्हणून तो रानात जाऊन परत येऊ शकला. मी मघाशी सांगितलेली जुनी ढाल बस्तरमध्ये अजून शिल्लक होती. पण डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एका रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी दिली आणि त्या कामाची चौकशी सुरू झाली. १ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी तो घरून गेला तो परतलाच नाही. भावाने तक्रार केली. ३ जानेवारीला बिजापूर गावातच, एका कंत्राटदाराच्या आवारातल्या, वरून नव्याने काँक्रीट ओतलेल्या सांडपाण्याच्या टाकीत त्याचे प्रेत सापडले. कंत्राटदारासह काही जणांना अटक झाली आणि आरोपपत्र दाखल झाले. दोष कुणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. मला त्यातून दिसते ते एवढेच: ज्याला रानातल्या बंदुकांनी परत येऊ दिले, तो आपल्याच गावात, एका रस्त्याच्या बातमीपायी गेला. लढाईचा मुलूख म्हणजे जिथे तोफा वाजतात तेवढाच, ही आपली समजूत आता सोडून द्यावी लागेल. आपल्याच राज्यात, राजापूर तालुक्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये शशिकांत वारिशे या पत्रकाराला मोटारीखाली चिरडण्यात आले. तिथे कोणते युद्ध चालू होते?

आता घरचीच एक गोष्ट सांगतो. ती सांगायला जड जाते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या ओळखीचा एक तालुका वार्ताहर होता. पगार नव्हता, जाहिराती आणाव्यात आणि त्यांवर टक्केवारी घ्यावी, हीच त्याची कमाई. हमालांच्या संपात, कुणी चार ओळी छापीत नव्हते तेव्हा, त्याने आमच्या बातम्या दिल्या होत्या. नदीतून रात्री वाळू उपसली जाते, याची बातमी त्याने दिली. दोन दिवसांनी एस.टी. स्थानकाजवळून त्याला एका जीपमध्ये घालून नेले आणि मध्यरात्रीनंतर एका नाल्यापाशी सोडले. कॅमेरा फुटलेला, अंगावर वळ. त्याच्या वृत्तपत्राने सांगितले, हा आमचा नोकर नाही. सकाळी तो आमच्या संघटनेच्या कचेरीत आला आणि म्हणाला, "भाऊ, मला तुमचा सभासद करून घ्या, निदान पोलिसांत तुमचं पत्र द्या." मी त्याच्यापुढे नियमावली ठेवली. सभासद हमाल किंवा मापाडी असला पाहिजे, असे तिच्यात लिहिलेले होते. त्याने ती वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाला, "बरोबर आहे, भाऊ." आज तो झेरॉक्सचे दुकान चालवतो. पुन्हा त्याने एकही बातमी लिहिली नाही. वाळू काही दिवस थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली. आता ती छापून येत नाही, एवढाच फरक.

तेव्हा मास्त्रोजाकोमोच्या मोटारीतल्या ड्रायव्हरविषयी मी बोलतो, ते दुसऱ्याला दोष देण्यासाठी नव्हे. त्या सकाळी मीही एका माणसाची किंमत ठरवली होती.

कायदे नाहीत असे नाही. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगानंतर १९५५ साली श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. चार आठवड्यांत १४४ तासांहून अधिक काम नको, अशी मर्यादा त्याने घातली. २०२० च्या कामगार संहितांत तो विलीन करण्यात आला. पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी आपल्या विधिमंडळाने २०१७ साली स्वतंत्र कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि गुन्हा बिगरजामिनाचा, अशी त्याची रचना. परंतु कायद्याच्या दारात पहिली चौकशी होते ती नेमणूकपत्राची. ज्याच्यापाशी ते नाही त्याने आधी आपण बातमीदार आहोत हे सिद्ध करायचे, आणि मग आपल्याला मारले हे सिद्ध करायचे!

उपाय म्हणून माझ्यापाशी काही मोठे नाही. जुनी ढाल, दोन्ही बाजूंना वाटणारी गरज, परत आणणे आपल्या हाती नाही. पैशाची ढाल थोड्यांपाशीच असते आणि तीही दर वेळी पुरत नाही. उरते ती माणसांची. या माणसाला हात लावला तर त्याच्यामागे चारशे माणसे उभी आहेत, हे ठाऊक असले की जीप काढणाराही विचार करतो. तो दर वेळी थांबेल, असे मी म्हणणार नाही. बिजापूरने आणि कराचीने आपल्याला तसे बोलण्याची सोय ठेवलेली नाही. पण जो एकटा आहे असे दिसते, त्याला उचलणे फार सोपे असते.

म्हणून आमच्या संघटनेच्या येत्या सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. तालुक्यात बातमी आणण्याचे, छायाचित्रे काढण्याचे किंवा त्या कामासाठी गाडी हाकण्याचे काम जो मजुरीवर अथवा टक्केवारीवर करतो, त्याला सभासद होता यावे. विरोध होईल, हे मला माहीत आहे. परवाच एक म्हातारे हमाल मला म्हणाले, "आमच्या घामाच्या वर्गणीतून त्यांची भानगड आपण कशाला ओढून घ्यायची?" प्रश्न चुकीचा नाही. पाठीवर पोते वाहणाऱ्याला तो विचारण्याचा हक्क आहे. मी त्यांना संपाची आठवण दिली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सभेत बोलू." ठराव पडला तर पुढच्या वर्षी पुन्हा मांडीन.

आपल्यापैकी बहुतेक जण संघटनेचे सभासद नाहीत, वाचक आहेत. वाचकालाही एक काम आहे. उद्या आपल्या पत्रात वाळूची, रस्त्याची किंवा धान्याची एखादी झोंबणारी बातमी येईल. तिच्याखाली नाव नसेल. 'वार्ताहराकडून' एवढेच असेल. त्या पत्राच्या कचेरीत जाऊन विचारा, हा आपला माणूस आहे ना? त्याला उद्या काही झाले तर तो आमचा नोकर नाही, असे तर आपण म्हणणार नाही ना? दहा वाचकांनी विचारले, तर उत्तर द्यावे लागते. पेगी से हिने साडेसहा वर्षांहून अधिक काळ दुसरे काय केले?

अजमल नक्शबंदी आणि सय्यद आगा ही दोन नावे आज या सभागृहात उच्चारली गेली. ती आपण घरी नेलीत, तर माझे बोलणे फुकट गेले असे मी मानणार नाही.